ढिगाचं माप

१

युरोपातल्या डोंगरांमधून माणसं चालवायची, हा माझा धंदा आहे. आणि तो मी जळगाव जामोदच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून करतो. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली की माझा दिवस सुरू होतो.

एका परदेशी कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे. पायी फिरण्याच्या, ट्रेकिंगच्या, सायकलच्या सहली आखायचं काम तिथून चालतं. या सहलींत सोबत गाइड नसतो. पाहुण्यांचं सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी जातं, पाहुणे आपापले चालतात, आणि त्यांच्या मोबाइलमध्ये मी लिहिलेलं वाटेचं वर्णन असतं. पांढऱ्या चॅपलपाशी डावीकडे वळा. लाकडी फाटक मागे लावून घ्या, नाहीतर गाई सुटतील. पूल ओलांडल्यावर झऱ्याचं पाणी पिण्यासारखं आहे. हे सगळं मी उपग्रहाचे फोटो पाहून, लोकांनी टाकलेले व्हिडिओ थांबवून थांबवून लिहितो. त्या झऱ्याचं पाणी काही मी प्यायलेलो नाही.

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उकंडरावांना, याची फार मजा वाटते. ओसरीवर बसून गवार निवडता निवडता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "वावरात चाल म्हनलं तं याचे टोंगये दुखते, अन् तिकळे गोऱ्या लोकाईले पहाड चढवते हा."

गुडघे खरंच दुखतात. गुडघ्यांचं सोडा, मी एकूणच थकलेला माणूस आहे. कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि कायम होण्याची वाट पाहता पाहता केस गेले. आता फक्त बसायला मिळावं एवढीच इच्छा उरली आहे, आणि या कामात ती रोज पुरी होते.

घरातला जोर सगळा प्रतीक्षाकडे गेला आहे. प्रतीक्षा आमची एकुलती एक. पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे नांदुऱ्याच्या रस्त्यानं पळायला जाते, आणि घामानं निथळत परत येते तेव्हा तिच्यासोबत घरात वारा आल्यासारखा वाटतो. मागच्या खेपेला ग्राउंडमध्ये, म्हणजे धावण्या-फेकण्याच्या परीक्षेत, थोडक्यात राहिली. या खेपेला निघाली नाही तर लग्न, असं तिच्या आईनं, दीपमालानं, मेहकरच्या आपल्या भावांना कबूल करून ठेवलं आहे. स्थळही पाहून झालं आहे. प्रतीक्षाला हे माहीत आहे, म्हणून ती पळते तेव्हा नुसती पळत नाही.

२

पुण्याहून योगिनी मॅडमचा फोन आला. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील, पण साहेब त्या आहेत.

"सर, तुमची वर्णनं अचूक असतात, पण फार कोरडी. पाहुण्यांना गोष्ट हवी असते. विशेषतः ती चौथ्या दिवसाची खिंड. सगळे तिथे दमून चिडतात. तिथे दोन ओळी घाला ना, काहीतरी स्थानिक. नाहीतर वरचे लोक म्हणतायत, हे सगळं मशीनकडूनच लिहून घेऊ."

मशीनचं नाव काढलं की माझ्या अंगावर काटा येतो.

ती खिंड मी पडद्यावर शंभरदा पाहिली होती. लांबच लांब चढण, वर नुसतं गवत आणि वारा. देऊळ नाही, झाड नाही, मोठा म्हणावा असा दगडही नाही. तिथलं स्थानिक काय घालणार, कपाळ? मग मला आपला घाट आठवला. आमच्या खिडकीतून उत्तरेला सातपुडा दिसतो, निळसर, आडवा. आबा तरुण असताना त्या घाटानं भाजीपाल्याच्या बैलगाड्या पलीकडे न्यायचे. घाटाच्या पायथ्याशी एक दगड उचलायचा, हातात घेऊन चढायचं आणि माथ्यावरच्या ढिगावर ठेवायचा. दगडासोबत थकवा तिथंच राहतो. आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

मी तो ढीग उचलला आणि आल्प्समध्ये नेऊन ठेवला. 'मेंढपाळांची जुनी रीत' असं लिहून टाकलं. खोटं बोलायचं तर ऐटीत बोलावं.

ढीग केवढा, ते लिहायला हवं होतं, नाहीतर पाहुणे शोधणार कसा? इतक्यात प्रतीक्षा पळून आली. दाराच्या चौकटीला धरून, डाव्या पायावर भार देऊन, उजव्या पायातला बूट काढत उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं: 'ढीग एका तरुण मुलीएवढा उंच आहे, डावीकडे किंचित झुकलेला, जणू कोणी दमून एका पायावर उभं आहे.'

"काय पायता बाबा?"

"काही नाही. उभी राहा अशीच जराशी."

वाक्य पुरं केलं, सेव्ह केलं, आणि फार दिवसांनी स्वतःवर खूश झालो.

३

पाहुण्यांना ती ओळ भलतीच आवडली. योगिनी मॅडमनी त्यांचे निरोप पाठवले. खिंडीतल्या ढिगावर दगड ठेवला आणि खरोखर हलकं वाटलं. पूर्ण सहलीतली सर्वात सुंदर जागा. उतरताना आम्ही अक्षरशः पळत उतरलो.

मी हसलो. माणसाला ढीग हवा असतो, तो त्याला दिसतो. दोन दगड कुठंतरी पडलेले असतील, वाचलेलं डोक्यात असेल, बस. कुणी आधी मांडला असेल आणि बाकीच्यांनी वाढवला असेल, असंही मी स्वतःला सांगितलं. ते तर अगदीच पटण्यासारखं होतं.

मग एक फोटो आला. एक म्हातारं जोडपं. तिचे केस पांढरे, अंगात निळं रेनकोटाचं जाकीट, तो उंच, काठी घेतलेला. मागं खिंडीचं आभाळ. दोघं प्रसन्न हसत होती. फोटोखाली लिहिलं होतं: 'आम्ही आणि तुमचा प्रसिद्ध ढीग.'

ढीग नव्हता. दोघांच्या मध्ये नुसतं गवत होतं. आणि दोघांनीही आतला हात असा धरला होता, जसा आपण कशावर तरी टेकवतो. हवेत. बोटं सैल.

मी फोटो मोठा करून पाहिला. कॅमेऱ्याचा कोन असेल, आधीचा किंवा नंतरचा फोटो चुकून आला असेल. दीपमाला अंगणवाडीतून नुकतीच आली होती. चहाचा कप ठेवता ठेवता तिनं पडद्याकडे पाहिलं.

"मंधातलं मानूस कुठी गेलं हो?"

"कोनतं मानूस?"

"ह्या दोघाईच्या मंधातलं. खांद्यावर हात ठेवून उभे हायेत ना ते, कोनाच्या तरी."

ती सहज बोलली आणि आत गेली. मी पुन्हा पाहिलं. ते हात खांद्याच्याच उंचीवर होते, डावीकडचा जरा खाली. मी फोटो बंद केला आणि चहा गार होईपर्यंत बसून राहिलो.

४

त्याच सुमाराला प्रतीक्षा थकायला लागली.

आधी आम्ही लक्ष दिलं नाही. पळणाऱ्या पोरीचे पाय दुखणारच. पण दुखणं पहाटेचं नव्हतं. पहाटे ती ठीक असायची. दुपारी जेवून आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची, आणि चहाच्या वेळेला उठायची ती भिंत धरून.

"बाबा, पोटऱ्या अशा भरून आल्या ना, जसा पहाड चढून आली मी."

"झोपली होतीस ना?"

"हाव. झोपूनच राह्यली होती."

मग तिच्या टाचांना फोड आले. नव्या बुटांना येतात तसे, पाण्यानं भरलेले. बूट तर जुनेच होते. दीपमालानं तिला गूळ-शेंगदाणे सुरू केले, बीट सुरू केलं, दृष्ट काढली, आणि तरी नाही म्हटल्यावर दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन उत्तम निघालं. डॉक्टर म्हणाले, या वयात येणारा ताण आहे, परीक्षेचा. आराम करू द्या.

आराम करूनच ती दमत होती, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो भादव्यातल्या उन्हाच्या एका दुपारी. सगळं गाव उन्हानं गप्प झालेलं. आबा ओसरीवर पेंगत होते. आतून आवाज आला, टक्. लहानसा, कोरडा. दगडावर दगड ठेवल्याचा. टाकल्याचा नव्हे, ठेवल्याचा. जपून, बसतो ना ते पाहून.

वानरं असतील, म्हणून मी काठी घेऊन गच्चीवर गेलो. डोंगराकडून वानरं येतात आमच्याकडे, कौलं फोडतात, पापड नेतात. गच्चीवर कोणी नव्हतं. पाण्याची टाकी, दोरीवर वाळलेली प्रतीक्षाची ट्रॅकपँट, आणि समोर सातपुडा. मी खाली आलो, तेव्हा प्रतीक्षा झोपेत कण्हत होती.

ग्राउंडची तारीख त्याच आठवड्यात जाहीर झाली.

५

मी मूर्ख नाही. निदान इंग्रजीत एम. ए. आहे. त्यामुळे जे डोक्यात आलं होतं, ते मी बरेच दिवस डोक्यात येऊ दिलं नाही.

पाहुणे वाट चुकले तर कळावं म्हणून आमच्या नकाशावर त्यांचे ठिपके दिसतात. निळे, हळूहळू सरकणारे. तिकडे सकाळ सरते आणि ठिपके चौथ्या दिवसाच्या खिंडीपाशी येतात, तेव्हा आमच्याकडे दुपार कलत असते. एके दिवशी मी पाहत बसलो. दोन ठिपके चढण चढले. माथ्यावर, वाटेपासून जरा बाजूला, एका जागी थांबले.

टक्. आणि थोड्या वेळानं पुन्हा, टक्.

ठिपके उतरायला लागले. भराभर उतरले.

योगायोग आहे, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उचलून प्रतीक्षाच्या खोलीत गेलो. पंख्याखाली बसतो म्हणालो. ती खाटेवर उताणी झोपली होती, छातीवर उघडं पुस्तक. तिचा चेहरा ओढलेला होता. वीस वर्षांच्या पोरीचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. माझा मात्र आरशात रोज पाहतो.

ठिपका एकच होता त्या दिवशी. एकटाच कोणी चालत होता, रेंगाळत, थांबत. चढणीवर फार वेळ लावला त्यानं. शेवटी माथ्यावर पोचला आणि बाजूला वळला.

मी छताकडे कान लावून होतो. आवाज छतावरून आला नाही. भिंतीतून आला नाही. माझ्यापासून हातभर अंतरावरून आला, खाटेवरून, पुस्तकाखालून. टक्. आणि प्रतीक्षाचा श्वास, वरून कोणी दाबल्यासारखा, बाहेर आला.

मी तिला गदगदा हलवून उठवलं. तिनं डोळे उघडले आणि रडायलाच लागली.

"बाबा, मले उठवू नका ना. मी लय थकली हो. लय म्हंजे लय."

ती कधी रडत नाही. मागच्या खेपेला ग्राउंडमधून परतताना एसटीत बसून सबंध रस्ता ती मलाच समजावत होती.

६

संध्याकाळी मी आबांजवळ जाऊन बसलो. आबा थट्टेखोर माणूस, त्यांच्यापुढे असलं काही बोलायचं म्हणजे आयतं हसं करून घेणं. पण दुसरं कोण होतं?

"आबा, घाटावरचा ढीग कोनी मांडला होता?"

"कोन जाने. आमच्या बापाच्या आंधीचा होय तो."

"नवीन मांडायचा असला तं?"

आबांनी गवार खाली ठेवली. "तुले कायले पायजे ढीग?"

मी सगळं सांगितलं. खिंड, ओळ, फोटो, ठिपके. सांगताना माझं मलाच ते इतकं खुळ्यासारखं वाटलं, की त्यांनी हसावं अशी मी वाट पाहत होतो. ते हसले नाहीत.

"मग लोक दगड ठेवून राह्यले, पन ढीग तिथं नाही?"

"नाही."

"कुठी तं असंनच ना बापा. हलके होऊन राह्यले ते, म्हंजे ओझं कुठी तं उतरून राह्यलं." त्यांनी गवारीचं सूप बाजूला सारलं. "माप कोनाचं देल्लं तू?"

मला आधी कळलं नाही.

"ढिगाचं माप, ज्ञाना. केवढा म्हनून सांगतला?"

मी सांगितलं. आमच्यात चालत्या-बोलत्या माणसाचं माप कशालाच देत नाहीत; ज्याचं माप, त्याच्यावरच ते बसतं म्हणतात. लहान पोराची उंची भिंतीवर खुणेनं मांडू देत नाहीत, सुतार खाटेसाठी सुद्धा झोपलेल्या माणसाला सुतळी लावत नाही. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि लिहिताना आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ओळ तर इंग्रजीत होती. इंग्रजीत लिहिलं की ते आपल्याला लागू नाही, असं मला वाटत असावं.

"खोडून टाकतो आजच," मी म्हणालो.

"खोडून पाय." आबा उठले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला नाही, खांबाचा घेतला. "पन बसलेला ढीग उठत नाही, पोरा. लोकाईले जागा मालूम झाली का ते येतच रायते."

७

ओळ मी लगेच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ठिपके खिंडीत वाटेपासून बाजूला गेले आणि बरोबर त्याच जागी थांबले. आतल्या खोलीतून आवाज आला. तीनदा.

योगिनी मॅडमचा फोन आला. "सर, ढिगाची ओळ कुठे गेली? पाहुणे विचारतायत. आधीच्या लोकांनी लिहून ठेवलंय, फोटो टाकलेत, आता ते ठिकाण झालंय. मी परत टाकलीय, आहे तश्शी."

"मॅडम, तिथं ढीग नाही. मी बनवलेलं आहे ते."

"असं कसं सर? मी स्वतः बोलले ना दोघांशी. त्यांनी हात लावून पाहिलाय." त्या हसल्या. "थोडा उबदार लागतो म्हणाले."

मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"आणि सर, उद्या सायकलवाला मोठा गट आहे. खिंडीत सायकली खांद्यावर घेऊन चढावं लागतं, बिचारे पार मोडून जातात. त्यांना तर हवीच ही ओळ."

परवा ग्राउंड होतं. बुलढाण्याला पहाटेच हजर राहायचं होतं, म्हणून उद्या संध्याकाळच्या गाडीनं निघायचं दीपमालानं ठरवलं होतं. प्रतीक्षाची बॅग दाराशी भरून ठेवली होती. बॅग उचलायला तिला दोन्ही हात लागत होते.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची तिच्या खोलीच्या दारातच मांडली. दीपमाला बसमध्ये खायला धपाटे थापत होती, तव्याचा वास घरभर होता. प्रतीक्षा भिंतीकडे तोंड करून पडली होती. ठिपक्यांचा एक पुंजका चढणीला लागला. इतका हळू, की सरकतो आहे की नाही कळत नव्हतं. मी त्यांच्यातला एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणत होतो, लाल झालेला, दात आवळलेला, खांद्यावर सायकल. त्यांचा काय दोष? दमलेला माणूस ओझं उतरवायला जागा शोधतो.

पुंजक्याच्या पुढं एक ठिपका होता. एकटा. तो वर पोचला.

टक्.

मी मान वर केली. खाटेच्या पलीकडे, भिंत आणि खाट यांच्यामध्ये जिथं माणूस उभं राहीलशी जागाच नाही, तिथं निळी बाही दिसली. पाणी ठिबकत होतं तिच्यातून. आणि दोन हात. म्हातारे, गोरे, मातीनं मळलेले. दगड ठेवून झाल्यावर आपण जसे तळवे एकमेकांवर झटकतो, तसे त्यांनी झटकले. सावकाश, समाधानानं. चेहरा मला दिसला नाही. वर पाहायचं धैर्य झालं नाही, हे खरं.

डोळे मिटून उघडले तेव्हा काही नव्हतं. बाहेर ऊन रखरखत होतं. फरशीवर खाटेजवळ पाण्याचे चार थेंब होते, आणि प्रतीक्षाच्या पाठीवर कुडता असा दबलेला होता, जशी तिथं अजून कसली तरी वस्तू ठेवलेली आहे.

पुंजका मागून येतच होता.

८

बसलेला ढीग उठत नाही. पण लोक येतात ते सांगितलेल्या ठिकाणी, सांगितलेली खूण पाहून. वाट सांगणं हे एकच काम मला येतं, आणि चुकलेल्या वाटेवरचा पाहुणा परत कसा वळवायचा, तेही येतं. वर्णन बदलायचं.

मी खुर्ची मागं सरकवून भिंतीवरच्या आरशात स्वतःला पाहिलं. नीट पाहिलं, माप घ्यायला शिंपी पाहतो तसं. मग लिहिलं: 'ढीग फार उंच नाही. खुर्चीत बसलेल्या एका प्रौढ माणसाएवढा आहे. खांदे पडलेले, मान पुढे आलेली, उजवीकडे कललेला. चुकू नका. मुलीएवढा उंच ढीग आता तिथे नाही.'

दीपमालानं आतून विचारलं, "काय करून राह्यले हो? पोरगीले उठवा, गाडीचा टाइम होऊन राह्यला."

"उठवतो," मी म्हणालो आणि सेव्ह केलं.

खिंडीत पुंजका थांबला होता. वाटेपासून बाजूला, जुन्या जागेच्या अलीकडे. कोणीतरी मोबाइल काढून वाचत असणार. बाकीचे श्वास घेत असणार. मग एक ठिपका जागेवरून जरासा हलला, उजवीकडे.

माझ्या उजव्या खांद्यावर, मानेजवळ, काहीतरी अलगद येऊन बसलं. थंड होतं. ओलं होतं. बसतं आहे ना हे पाहून कोणीतरी ते जरा फिरवलं, आणि सोडलं.

टक्.

आणि मग बाकीच्यांनी.

मी ओरडलो नाही. खुर्चीचे हात धरून बसून राहिलो. अनोळखी माणसांच्या पोटऱ्या माझ्या पोटऱ्यांत भरून आल्या, टाचा जळायला लागल्या, पाठीत कुठल्या कुठल्या देशांतल्या चढणी चढल्या. तेवढ्यात खाट करकरली. प्रतीक्षा उठून बसली होती. भिंत न धरता. तिनं हात वर करून आळस दिला, आणि बॅग एका हातानं उचलली.

"बाबा, बरं वाटून राह्यलं आज," ती म्हणाली. "तुमी नाई येत स्टँडावर?"

"तू जा माय," मी म्हणालो. "मले बसू दे."

९

दोघी दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायला लागली तेव्हा परत आल्या. रिक्षाचा आवाज ऐकला, पण मी उठू शकलो नाही. पुठ्ठ्याची घडी सरकली होती आणि खुर्ची उजवीकडे कलली होती, तीही मला नीट करता आली नव्हती. आबांनी सकाळी मला चहा पाजला होता. चहा पाजून झाल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या पायांवर हळूहळू ओतलं. चैत्रात घाटावर जाऊन ते ढिगावर असंच पाणी ओतायचे.

मोबाइलवर योगिनी मॅडमचा निरोप येऊन पडला होता. नवीन वर्णन फारच गोड, सर. बसलेला माणूस, क्या बात है. पुढच्या सीझनपासून सगळ्या सहलींच्या खिंडींत हीच कल्पना वापरायची ठरली आहे.

प्रतीक्षा दारातून आत आली ती ओरडतच. "बाबा! निघाली ना मी! धावण्यात पयली आली गटात, पयली! ग्राउंडवरची पोलीस मॅडम म्हने, एवढा दम कुठून आनला बे पोरी?"

तिच्या केसांत मैदानाची माती होती. चेहरा पुन्हा वीस वर्षांचा झाला होता. बाकी काही असो, हे मी पाहिलं, आणि पाहायला मला कुठं जावंही लागलं नाही.

"लय थकली पन आज," ती म्हणाली. हसत हसत माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि लहानपणी टेकायची तसे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर टाकून टेकली.

टक्.

तिला तो आवाज ऐकू गेला नाही. मग हात उचलून तिनं तळव्यांकडे पाहिलं आणि ते एकमेकांवर झटकले.

"अरे वा," ती म्हणाली. "बाबा, थकवाच गेला ना एकदम."

"ठेव माय," मी म्हणालो. "तुझा तं पयला हक्क."